पाठकोरे कागद

माझ्या दारावर एक पाटी आहे : 'आकडे पुरे नसतील तर बेल वाजवू नये.' लोकांना ती विनोदी वाटते. तिचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात म्हणे. मी ती विनोद म्हणून लावलेली नाही. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि एमडी करणारे डॉक्टर माझ्याकडे प्रबंधाचे आकडे घेऊन येऊ लागले. एकाहून एक हुशार पोरं, पण आकडेमोड म्हटली की हातपाय गाळणारी. अर्धवट तक्ते घेऊन यायची, सोफ्यावर बसून घाम पुसायची आणि 'सर, काहीतरी करा' म्हणायची. काहीतरी करायला मी काय मांत्रिक आहे? म्हणून पाटी.

मी टोचून बोलतो, हे मला माहीत आहे. बायको होती तेव्हा म्हणायची, इतरांच्या जिभेला हाड नसतं, तुमच्या जिभेला दात आहेत. ती गेल्यावर हे सांगणारंही घरात कुणी राहिलं नाही.

माझी दुसरी सवय म्हणजे पाठकोरे कागद. एका बाजूने वापरलेला आणि मागून कोरा असलेला कागद मी टाकून देत नाही. प्रबंधांचे रद्द झालेले मसुदे, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, सगळं कोरी बाजू वर करून टेबलाच्या उजव्या कोपऱ्यातल्या गठ्ठ्यात जातं. भाजीची यादी, आकडेमोड, पत्रांचे कच्चे खर्डे त्यावर होतात. या गठ्ठ्याचा मला अभिमान होता, आणि आता जे सांगायचं आहे ते त्याच गठ्ठ्यातून निघालेलं आहे.

ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा बेल न वाजवता दाराबाहेर उभी होती. मी मंडईतून येत होतो, हातात पिशव्या, आणि ही पाटीकडे बघत उभी. किती वेळ उभी आहेस, विचारलं. वीस मिनिटं, म्हणाली.

"आकडे पुरे आहेत की नाही तेच मला समजत नाही सर. म्हणून वाजवली नाही."

यवतमाळकडची होती. शहराच्या कडेला एका कॉलेजचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे मेडिसिनमध्ये एमडी करत होती. नावं या लिखाणात कुणाचीच नाहीत. माझंही नाही.

तिचा विषय होता साप. पुणेकराला साप म्हटलं की कात्रजच्या सर्पोद्यानातला, काचेआडचा आठवतो. तिच्या वॉर्डात काचेबाहेरच्या सापांचे पेशंट यायचे. शेतं संपून जिथे टॉवर उभे राहताहेत तिथे खडीच्या ढिगातून, विटांच्या थप्पीतून घोणस निघते. ती चावली की रक्त गोठेनासं होतं आणि मग मूत्रपिंडं बसतात. यावर सापाच्या लशीच्या बाटल्या देतात. त्या हॉस्पिटलात दोन युनिटं होती. एका युनिटचे साहेब जास्त बाटल्या द्यायचे, दुसऱ्याचे कमी. लशीचा तुटवडा नेहमीचाच, तेव्हा कमी बाटल्यांत तितकंच भागतं का, हा तिचा प्रश्न. प्रश्न चांगला होता. तिचे गाईड कमी बाटल्यांवाले साहेब होते, हेही सांगून ठेवतो.

तक्ता तिने नीट भरला होता. प्रत्येक पेशंटची एक ओळ, आणि शेवटच्या रकान्यात निकाल. एक म्हणजे बरा होऊन घरी गेला, दोन म्हणजे मृत्यू. पण अधूनमधून तीन हा आकडा दिसत होता.

"हे तीन काय आहे?"

"डामा सर."

डामा म्हणजे डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नातेवाइकांनी घरी नेलेला पेशंट. हॉस्पिटलात हा शब्द येताजाता वापरतात : पेशंट डामा गेला, त्याची डामाची सही घे. मला वाटायचं, अडाणी लोक कंटाळून उठून जातात, त्याला म्हणत असतील. ती म्हणाली, तसं नसतं.

"साप चावून माणूस हॉस्पिटलमध्ये गेला की पोलीस केस होते सर. पंचनामा, पोस्टमॉर्टेम. नातेवाइकांना चिरफाड नको असते. मग पेशंट हाताबाहेर गेला की वॉर्डातलंच कोणीतरी हळूच सांगते, घरी घेऊन जा. ते सही करतात आणि घेऊन जातात. हे तीनवाले गेले असतीन सर. मी सगळ्यांना फोन लावून पाहू का?"

"असतीन?" मी म्हणालो. "असतील. एमडी होणार आहेस ना? मराठी तरी सरळ बोल."

ती लाल झाली. "असतील," म्हणाली.

"आणि फोन कशाला? संशोधन करतेस की श्राद्धाची यादी करतेस?"

ती हसेल असं मला वाटलं होतं. अशा वाक्यांवर पोरं हसतात, न हसून सांगतात कुणाला. ती हसली नाही. मग मी तिला शिकवलं. ज्याचा शेवट माहीत नाही तो पेशंट वगळायचा. 'पाठपुरावा उपलब्ध नाही' एवढं एक वाक्य प्रबंधात टाकायचं आणि पुढे जायचं. सगळे असंच करतात. हे खोटं नव्हतं, सगळे असंच करतात. रकान्याला फिल्टर लावला, तीनवर टिचकी मारली, तेवढ्याच ओळी समोर आल्या. त्या पुसायचं बटण मी तिलाच दाबायला लावलं. तिचं बोट जरा थबकलं तेव्हा म्हणालो, "चावत नाही ते."

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी बेल वाजवली. हातात एकच कागद होता. छापलेला एक तक्ता, त्यात ओळीचा क्रमांक, डिस्चार्जची तारीख आणि फोन नंबर, आणि पुढच्या रिकाम्या रकान्यात तिच्या हाताने लिहिलेलं बारीक अक्षर.

"सर, मी ओपीडी झाली की रोज फोन करून राहिली होती."

"राहिली होतीस ना? मग तिकडेच राहायचं."

ती तशीच बोलत राहिली. "एक सोडून सगळे गेले आहेत सर. बहुतेक त्याच दिवशी, नाही तर दुसऱ्या. आणि यातले जास्त आमच्याच युनिटचे आहेत."

तिला काय म्हणायचं होतं ते मला त्या क्षणी कळलं. कळलं नाही असं आज म्हणता येईल, पण कळलं होतं. या ओळी मृत्यूच्या रकान्यात गेल्या की कमी बाटल्यांचं गणित बिघडणार. तिच्या गाईडचं बिघडणार, आणि मी नुकतंच जे ठामपणे शिकवलं त्याचंही. मी कागद हातात न घेताच बोललो.

"फोनवरचं ऐकीव. कुणाचं पोस्टमॉर्टेम आहे? घोणशीनेच गेला कशावरून? वाटेत हार्ट अटॅक आला असेल."

"पण सर, माणूस तर मेलाच ना."

"माणसं स्मशानात मोजतात. इथे आपण नोंदी मोजतो."

या वाक्यावर मी खूश झालो होतो. पुढे दोन-तीन जणांना ऐकवलंही. ती कागद टेबलावर ठेवून गेली, आणि मी तो न वाचता, कोरी बाजू वर करून, गठ्ठ्यात सरकवला.

प्रबंध झाला, ती पास झाली, पेढे घेऊन आली. शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव गाईडचं, दुसरं तिचं, तिसरं माझं. निष्कर्ष असा की, दोन्ही पद्धतींत मृत्यूंच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. ती परत विदर्भात गेली आणि माझ्या डोक्यातूनही गेली.

दोनेक वर्षांनी हॉस्पिटलचे वकील आले. पाटी वाचून हसत आत आले. "आकडे पुरे आहेत सर, म्हणून वाजवली." गोड माणूस. चहाला नाही म्हणाले नाहीत, साखरेला नाही म्हणाले.

एका बाईने हॉस्पिटलविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार केली होती. वाघोलीच्या पुढच्या एका गावातली. नवरा एका बांधकामावर वॉचमन होता, तिथे खडीत घोणस चावली. कमी बाटल्यांवाल्या युनिटमध्ये दाखल झाला. चौथ्या दिवशी लघवी बंद झाली. वॉर्डातून तिला सांगण्यात आलं, इथे गेले तर पोलीस येतील, चिरफाड होईल, बॉडी संध्याकाळपर्यंत मिळायची नाही, त्यापेक्षा घरी न्या. तिने छापील कागदावर सही केली. तिचं म्हणणं, औषध कमी दिलं म्हणून माणूस गेला. हॉस्पिटलचं म्हणणं, पेशंट जिवंत बाहेर पडला, तोही आमच्या सल्ल्याविरुद्ध, तिच्या सहीने. पोस्टमॉर्टेम नाही, म्हणजे मृत्यूचं कारण सिद्ध नाही. आणि औषध किती द्यायचं, तर त्याला छापील संशोधनाचा आधार आहे. तो आधार म्हणजे आमचा निबंध.

"तुम्ही फक्त प्रतिज्ञापत्र द्यायचं सर, की अभ्यास रूढ पद्धतीने झाला आहे. बाई तुमच्या आकड्यांवरच संशय घेतायत."

त्या शेवटच्या वाक्याने मी तयार झालो. वकिलांना ते माहीत असणार. मोबदला देत होते, मी घेतला नाही. पैशासाठी केलं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

प्रतिज्ञापत्र दिलं. ग्राहक आयोगात साक्षीदाराची उलटतपासणी बहुतेक कागदावरच चालते. समोरची बाजू लेखी प्रश्न देते, आपण शपथेवर लेखी उत्तरं द्यायची. बाईचा वकील दोन तारखांनंतर यायचा बंद झाला होता. प्रश्न तिने स्वतःच लिहिले होते, वहीच्या दोन रेघी कागदांवर, निळ्या पेनने. नववीपर्यंत शिकलेली, कॉलेजच्या मुलांच्या मेसमध्ये पोळ्या लाटणारी बाई. वकिलांनी मला कागद दिला तेव्हा आम्ही दोघंही हसलो. पहिला प्रश्न होता : 'आपण डॉक्टर आहात का.' दुसरा : 'साप चावलेला माणूस आपण कधी पाहिला का.' वकील म्हणाले, "सहावा नि सातवा तेवढा बघून खेळा सर. बाकी सगळे फुलटॉस आहेत."

सहावा प्रश्न असा होता : 'सही करून घरी नेलेली माणसं तुम्ही कशात मोजली. मेलेल्यात का जिवंतात.'

सातवा : 'त्यांचं पुढं काय झालं ते आपणास माहीत आहे का.'

मी दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरांचा कच्चा खर्डा लिहायला बसलो. सवयीने गठ्ठ्यातून कागद ओढत गेलो. पाच उत्तरं लिहून झाली. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्रज्ञ आहे. साप चावलेला माणूस पाहण्याची या कामात गरज नसते. सहाव्यासाठी नवा कागद घेतला तर तो खडबडीत लागला. कुणीतरी मागून बॉलपेन दाबून लिहिलेलं होतं, अक्षरांचे उठाव बोटाला लागत होते. उलटून पाहिला.

तिचीच यादी होती. या वेळी मी वाचली. 'मुलगा बोलला. घरी पोचल्यावर तासाभरात.' 'भाऊ. फोन कट केला. पुन्हा लावला, दहावा झाला म्हणाला.' 'आई. काही बोलली नाही, शेजारणीने सांगितलं.' अशा ओळी. खालून तिसरी ओळ : 'बायको बोलली. गाडीतच गेले, वाघोलीच्या चौकात, ट्रॅफिकमध्ये. चार वाजून दहा मिनिटं. मांडीवर डोकं होतं. म्हणाल्या, चौकशी करणारे तुम्हीच पहिले.'

वाघोलीचा चौक तक्रारीतही होता. तारीख जुळत होती. समोर वहीच्या कागदावर जिचे प्रश्न होते, ती हीच.

मी कॉम्प्युटर लावला. जुन्या फाइली मी कधी काढून टाकत नाही. पुसलेल्या ओळी पहिल्या प्रतीत तशाच होत्या. त्यातल्या एकीव्यतिरिक्त सगळ्या तीनांचे दोन केले आणि गणित पुन्हा चालवलं. चहा निवायच्या आत झालं. दोन युनिटांतला फरक समोर आला, आणि तो इतका लक्षणीय होता की पहिल्या वर्षाच्या पोरालाही तक्ता न दाखवता नुसता आलेख दाखवला असता तरी कळला असता. मी दोनदा तपासलं. चूक सापडली नाही.

तेव्हा मला भीती वाटली. सरळ रस्ता समोर होता. प्रतिज्ञापत्र मागे घ्यायचं, यादी आयोगापुढे ठेवायची, मासिकाला पत्र लिहायचं की निबंध चुकला आहे. एका दिवसाचं काम होतं. पण आयुष्यभर मी लोकांच्या चुका लाल पेनने दाखवल्या आणि वर हसलो. माझी चूक एका पोळ्या लाटणाऱ्या बाईने वहीच्या कागदावर दाखवावी, आणि त्याआधी जिला मी बोलायला शिकवत होतो त्या पोरीने दाखवावी, हे मला सोसेना. एवढंच कारण होतं. नंतर मी याहून मोठं कारण पुष्कळ शोधलं.

मी कागद पुन्हा उलटा केला, आणि त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूवर सहावं उत्तर लिहिलं : 'ज्या रुग्णांचा पाठपुरावा उपलब्ध नव्हता त्यांना प्रचलित पद्धतीनुसार विश्लेषणातून वगळण्यात आले.' हे वाक्य खरं होतं. सातव्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं : 'नाही.' खर्डा टाइप करून घेतला, शपथेवर सही केली आणि कच्चा कागद गठ्ठ्याच्या तळाशी घातला. का फाडला नाही, हे मला कुणी विचारलं तर उत्तर नाही. पाठकोरा कागद मी फाडत नाही.

निकालाच्या दिवशी मला तिथे जायचं काही कारण नव्हतं. तरी गेलो. तक्रार फेटाळली गेली. पती हॉस्पिटलातून जिवंत बाहेर गेले, शवविच्छेदन झालेलं नाही, उपचार प्रकाशित संशोधनाला धरून होते, आणि त्या संशोधनाच्या विरोधात तक्रारदाराने काहीही पुरावा दिलेला नाही. 'काहीही' हा शब्द मला ऐकू आला. वकिलांनी माझा हात हातात घेऊन दाबला, आणि ते बाईने पाहिलं.

जिन्यात तिने मला गाठलं. ठेंगणी, पन्नाशीच्या आतली, हाताला कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त राग आला.

"तुम्हीच का ते आकड्यांचं सर?"

"हो. काय काम आहे?"

"तुमच्या कागदात वगळलं म्हणून लिवलंय. वगळलं म्हंजी काय?"

"म्हणजे हिशेबात धरलं नाही."

"मेल्यालं न्हाई धरलं?"

"नाही."

"जितं बी न्हाई?"

"नाही. बाई, ही शास्त्राची पद्धत असते. तुम्हाला जिन्यात उभं राहून समजायची नाही."

ती एक पायरी खाली उतरली, मग थांबली. "पर एका ताईंचा फोन आलता. हॉस्पिटलातनं. समदं इचारलं, लिवून घेतलं. म्हणल्या, मावशी, तुमचं लिवलंय, आता मोजत्याल. ते लिवल्यालं कुठं गेलं?"

मी म्हणालो, "असे फोन सगळ्यांना येतात. विम्याच्या कंपन्यांचे येतात, सर्व्हेवाल्यांचे येतात. त्यातलाच असेल."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"कंपनीची बाई फोनवर रडती व्हय?"

ती रडली होती हे यादीत नव्हतं. तसा रकाना नव्हता. मी घड्याळ बघितलं, मला उशीर होतोय म्हणालो आणि भराभर उतरून रिक्षा केली.

आयोगाच्या निकालावर अपील करायला पंचेचाळीस दिवसांची मुदत असते. हे मी वकिलांना विचारून घेतलं, सहज विचारल्यासारखं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज पेन्सिलीने एक टिंब देऊ लागलो. या दिवसांत तो कागद तिच्या हातात पडला असता तर तिला अपिलात दाखवायला काहीतरी मिळालं असतं. मला हे रोज सकाळी टिंब देताना माहीत असायचं. एकदा तर पाकीटही घेतलं, पत्ता तक्रारीवर होताच. त्या पाकिटात शेवटी विजेचं बिल ठेवलं. विसाव्या दिवसानंतर भूक लागू लागली, तिसाव्यानंतर झोप येऊ लागली. वकिलांनी फोन करून सांगितलं, अपील दाखल झालेलं नाही, होईल असं दिसत नाही, बाईकडे आहे काय दाखवायला?

सेहेचाळिसाव्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर, मी गठ्ठ्याच्या तळातून कागद काढला आणि खालून तिसऱ्या ओळीतला नंबर लावला. का लावला ते आता स्वच्छ सांगतो. धीर आला म्हणून नाही. धोका टळला म्हणून लावला. चार शब्द गोड बोलावेत, तिचं ऐकून घ्यावं, आणि आपल्याला बरं वाटून घ्यावं, एवढीच इच्छा होती. म्हाताऱ्या माणसाला असं वाटतं. आवाज तिने ओळखू नये म्हणून जरा खालच्या सुरात बोललो.

"थांबा, हात पिठाचं हायेत," पलीकडून आलं. मागे भांडी वाजत होती, पोरांचा गलका होता. मग, "हां, कोण?"

"हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून बोलतोय. तुमच्या मिस्टरांबद्दल थोडी चौकशी करायची होती."

"तुम्ही दुसरं," म्हणाली.

"काय?"

"चौकशी करणारं. पयल्या त्या ताई." मग तिचा आवाज बदलला, कामाचा झाला. "आता नीट लिवून घ्या. मागल्या टायमाला हरवलं कुठं तरी." आणि तिने सांगितलं. नवऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. वय. वाघोलीचा चौक. चार वाजून दहा मिनिटं. प्रत्येक शब्दानंतर थांबत होती, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून. माझ्या हातात पेन नव्हतं.

"लिवलं?"

"लिहिलं."

"वाचून दावा."

मी आयुष्यभर पोरांना हेच सांगत आलो आहे, लिहिलेलं वाचून दाखव. समोर यादी पडलेली होती. मी ओळ वाचली. "गाडीतच गेले. वाघोलीच्या चौकात, ट्रॅफिकमध्ये. चार वाजून दहा मिनिटं. मांडीवर डोकं होतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

"मांडीचं मी आत्ता बोलले न्हाई," ती म्हणाली.

मी यादी पालथी घातली.

"ते मी त्या ताईलाच बोलले व्हते. दुसऱ्या कुणाला न्हाई." मग, "आकड्यांचं सर ना तुम्ही?"

मी हो म्हणालो.

"कागद हाय तर तुमच्यापाशी."

"आहे."

"मुदत काल संपली."

तिनेही दिवस मोजले होते. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मी पुन्हा हो म्हणालो. ती शिव्या देईल म्हणून वाट बघत होतो, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फोन बंदही केला नाही. ओट्यावर तसाच ठेवला असावा, कारण थोड्या वेळाने लाटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. पोळी झाली की थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मी फोन कानाला लावून बसलो होतो, आणि नकळत पोळ्या मोजत होतो.